गाडी आपली, डीपी सगळ्यांची

(आपल्या सामुदायिक रेडिओवरील ‘सखींची वेळ’ या कार्यक्रमात झालेलं बोलणं, थोडं आवरून इथं छापत आहोत.)



मी काही भाषण करणारी बाई नाही. आयटीआयला वीजतंत्रीचा कोर्स केला आणि लग्नानंतर मालकांबरोबर मोटार रिवायंडिंगचं दुकान चालवते. जळालेली मोटार उघडायची, काळी पडलेली तार काढायची आणि नवी भरायची, हे माझं रोजचं काम. आज बॅटरीवरच्या गाड्यांबद्दल बोलणार आहे. गाडी चांगली की वाईट, कोणत्या कंपनीची घ्यावी, हा विषय नाही. गाडी रात्री चार्जिंगला लावली की आपल्या आळीतल्या डीपीचं आणि शेजारणीच्या घरातल्या विजेचं काय होतं, तेवढंच सांगणार आहे.

गेल्या वर्षी चैत्रातली गोष्ट. एका आठवड्यात माझ्याकडे घरघंटीच्या तीन मोटारी आल्या. तिन्ही जळालेल्या. एक मोटार जळली तर मी म्हणते, जास्त दळण घातलं असेल. तीन जळल्या म्हटल्यावर मी पत्ता विचारला. तिन्ही वरच्या आळीच्या निघाल्या. त्यातली एक माझ्या चुलत जावेची. नवरा नाही, दोन मुलं, आणि घरघंटीवर दळण करून तिचं घर चालतं. मी विचारलं, “वैनी, दळायला कधी बसता?” म्हणाली, “संध्याकाळी सात-आठला. बायका रानातून आल्यावरच डबे आणतात. हल्ली घंटी नुसती घुमते, फिरत नाही. मग वास येतो.”

त्याच आळीत एका बचत गटानं कर्ज काढून चार ई-रिक्षा घेतल्या होत्या. शाळेची मुलं, बाजाराची भाजी, दवाखान्याची माणसं, सगळ्यांची सोय झाली होती. शिवाय आळीत बॅटरीच्या नऊ स्कूटर. झालं, लोकांनी दोन अधिक दोन चार केले. “रिक्षा आल्या आणि लाइट गेली.” ग्रामसभेत एक जण तर उभं राहून म्हणाला, “बायकांच्या रिक्षा बंद करा.” आता त्या बायकांचा हप्ता दर महिन्याला चालू. रिक्षा बंद म्हणजे हप्ता बंद, आणि हप्ता थकला की पुढच्या वेळी अख्ख्या गटाला कर्ज मिळायची अडचण.

भांडण चालू असतानाच फ्यूज रोज रात्री उडायला लागला. कुणा पोरानं डीपीतल्या फ्यूजमध्ये जाड तार घातली. फ्यूज उडायचा थांबला आणि चौथ्या रात्री डीपीच जळाली. पाच दिवस आळी अंधारात. नळाला पाणी नाही, फोन बंद, लहान लेकरं उकाड्यानं रडतायत. आणि रिक्षाही उभ्याच, कारण चार्जिंग कुठं करणार?

फ्यूज हा मुद्दाम कमजोर ठेवलेला असतो, बायांनो. भार जास्त झाला की तो आधी वितळतो आणि डीपीला वाचवतो. त्याच्या जागी जाड तार घालणं म्हणजे घराची राखण करणाऱ्या कुत्र्याचं तोंड बांधून ठेवणं. शिवाय डीपीला हात लावून दर वर्षी माणसं मरतात. ते काम लाइनमनचंच.

आता डीपी म्हणजे काय, ते सांगते. गावाकडं येणाऱ्या मोठ्या लाइनमध्ये ११ हजार व्होल्ट असतात. ते घरात आणले तर घरच पेटेल. म्हणून खांबावरचा तो लोखंडी डबा, म्हणजे ट्रान्स्फॉर्मर, ते उतरवून घरासाठी २३० व्होल्ट करतो. त्यातून तीन वेगवेगळ्या फेज निघतात. बहुतेक घरांना त्यातली एकच फेज मिळते. डब्यावर पत्र्याची पट्टी असते, तिच्यावर त्याची ताकद लिहिलेली असते. खेड्यात बहुतेक ६३ किंवा १०० केव्हीए. आमची ६३ ची होती. म्हणजे प्रत्येक फेजला साधारण ८५ अँपिअर. त्याच्या आत राहिलं तर डीपी सुखात.

आता हिशोब करू. आपण महिन्याच्या बैठकीत करतो तसाच.

संध्याकाळी सात ते दहा एका घरात दिवे, दोन पंखे, टीव्ही, फ्रिज धरला तर साधारण २ अँपिअर. आमच्या आळीतली २८ घरं एकाच फेजवर होती. झाले ५६. बॅटरीच्या स्कूटरचा घरचा चार्जर साधारण ७५० वॅटचा, म्हणजे ३ अँपिअरच्या थोडा वर. नऊ स्कूटर एकदम लागल्या तर जवळजवळ २९. ई-रिक्षाचा चार्जर हजार वॅटच्या आसपास, तो ५ अँपिअर तरी घेतो. चार रिक्षांचे २०. बेरीज करा. ५६, २९ आणि २०. झाले १०५. ताकद ८५ ची. त्यात उन्हाळा, कुणाकडं कूलर, कुणाची पाण्याची मोटार.

नवी डीपी बसवायला लाइनमनभाऊ आले, तेव्हा मी त्यांना म्हटलं, “भाऊ, रात्री आठला एकदा या आणि टाँग टेस्टर लावून बघा.” तारेला चिमटा लावला की किती अँपिअर चाललेत ते दाखवणारं ते यंत्र. ते आले. लाल फेजवर आकडा आला १०४. पिवळीवर ४६. निळीवर ३९.

ऐकलंत का? एक बैल मरेस्तोवर ओढतोय आणि दोन बैल रवंथ करतायत. डीपी अख्खी बघितली तर भार तिच्या ताकदीच्या आतच होता. पण सगळा एकाच अंगावर आलेला. आळी जुनी. ज्या काळी घराला एक दिवा आणि एक पंखा होता, त्या काळी ज्याला जी तार जवळ, त्यानं ती घेतली. पुढं कुणी बघितलंच नाही.

मग घरघंटीची मोटार का जळली? नळाचं उदाहरण घ्या. सगळ्यांनी एकदम नळ सोडला की शेवटच्या घरात पाण्याची धार करंगळीएवढी होते. विजेचं तसंच. तारेत भार वाढला की टोकाच्या घरापर्यंत जाताना व्होल्टेज पडतं. जावेचं घर आळीच्या टोकाला. तिथं मी मीटर लावला तर २३० च्या जागी १७२ व्होल्ट. दिवा मंद होतो, पंखा रेंगाळतो, पण ते जळत नाहीत. मोटारीचं मात्र वेगळं असतं. व्होल्टेज कमी झालं तरी दळणाचं ओझं तेवढंच, म्हणून ती जास्त करंट ओढते. जास्त करंट म्हणजे जास्त उष्णता. आतल्या तारेवरचा मुलामा जळतो आणि मोटार माझ्या दुकानात येते.

डीपीचंही असंच. तिच्या आत तेल असतं, ते तिला गार ठेवतं. पण चैत्र-वैशाखात बाहेरच ४० अंश, वरून ताकदीपेक्षा जास्त भार. आतल्या तारांवरचा कागद भाजत जातो. पूर्वी मध्यरात्रीनंतर गाव झोपलं की डीपीलाही विसावा मिळायचा. आता संध्याकाळची गर्दी, आणि तिच्यामागं लगेच रात्रभर चार्जिंग. तिला गार व्हायला वेळच नाही.

आणि हे दुखणं फक्त आपल्या गावाचं नाही. ब्रिटनमध्ये घराघरांत बॅटरीच्या मोटारगाड्या आल्या. तिथं एका मोठ्या चाचणीत असं दिसलं, की शंभरातल्या ४० ते ७० घरांत गाड्या आल्या तर घरांना वीज देणाऱ्या जवळजवळ एक तृतीयांश लाइनींवर काम करावं लागेल. म्हणून तिथं २०२२ पासून घरी बसवायच्या नव्या चार्जरला नियम केला. चार्जर येतानाच त्यात वेळ अशी लावलेली असते, की संध्याकाळच्या गर्दीत तो आपोआप सुरू होत नाही. शिवाय ठरलेली वेळ झाली तरी सगळे चार्जर एका क्षणी सुरू होऊ नयेत म्हणून प्रत्येक जण दहा मिनिटांपर्यंत मागंपुढं सुरू होतो. त्यांनी जे यंत्रात घातलं, त्याला आपण पाळी म्हणतो. पाण्याची पाळी आपल्याला काय नवी आहे का?

आम्ही तेच केलं. पण सहज झालं नाही, तेही सांगते.

मारुतीच्या देवळात दोन्ही बाजूच्या बायका बसल्या. मी पाटीवर हिशोब मांडला. रिक्षावाल्या गटातली एक ताई रागानं म्हणाली, “स्कूटरी बाप्यांच्या, त्या नऊ. आमच्या रिक्षा चार. बोलणी मात्र आम्हालाच का?” तिचं खरं होतं. पाटीवरच दिसत होतं, २९ त्यांचे, २० यांचे. मग स्कूटरवाल्यांनाही बोलावलं. एक मास्तर म्हणाले, “मी रोज रात्री लावतो. नाही लावली तर सकाळी जाऊ कसा?” विचारलं, “मास्तर, रोज किती किलोमीटर?” म्हणाले, “जाऊन-येऊन अठरा.” गाडी एका चार्जिंगला ८० च्या पुढं चालते. म्हणजे त्यांना तीन-चार दिवसांतून एकदा पुरे. फोन रोज लावतो तशी गाडी लावायची सवय लागली होती, एवढंच.

तर असं ठरलं. एक, संध्याकाळी साडेसहा ते साडेदहा कुणीही गाडी लावायची नाही. दोन, स्कूटरचे वार वाटून घेतले. एका रात्री तीनच स्कूटर. अचानक गरज पडली तर शेजाऱ्याला सांगून वार बदलायचा. तीन, रिक्षा सकाळी आणि चारनंतर शाळेच्या मुलांसाठी पळतात, दुपारी अकरा ते तीन उभ्याच असतात. तेव्हा त्या चारही रिक्षा चार्जिंगला लागतात. ऊन असतं, घरातली माणसं रानात असतात, भार कमी असतो. उरलेलं चार्जिंग रात्री साडेदहानंतर, आज दोन रिक्षांचं, उद्या दोन. चार, लाइनमनभाऊंनी वरिष्ठांना विचारून काही घरं लाल फेजवरून पिवळ्या आणि निळ्या फेजवर नेली.

पंधरा दिवसांनी रात्री आठला परत टाँग टेस्टर लावला. लाल ५२, पिवळी ५०, निळी ४७. टोकाच्या घरात २१६ व्होल्ट. एकही गाडी विकली नाही, एकही नवी तार ओढली नाही.

पण मैत्रिणींनो, पाळी म्हणजे सगळं औषध नव्हे. गाड्या वाढणारच आहेत, आणि वाढाव्यातही. म्हणून कागदाचं काम करायला हवं. आपल्या वीजबिलावर ‘मंजूर भार’ लिहिलेला असतो. घरी जाऊन बघा. पुष्कळ घरांत तो अर्धा किंवा एक किलोवॅटच असतो, दिवा-पंख्याच्या काळातला. घरी आपल्याच मीटरवर गाडी चार्ज करायला परवानगी आहे. पण भार वाढलाय तर तो वाढवून घ्यावा. पुष्कळ बायका म्हणतात, उगाच कशाला, स्थिर आकार वाढेल. अगं, कंपनीच्या कागदावर आपल्या आळीचा भार कमीच दिसला, तर मोठी डीपी मागायला गेल्यावर साहेब कागद दाखवून म्हणणार, “तुमच्याकडं भारच नाही, मोठी डीपी कशाला?” भार लपवला की आपलीच मागणी कमजोर होते. आम्ही आधी भार वाढवून घेतला, मग रात्रीच्या आकड्यांसकट सह्यांचा अर्ज दिला. १०० केव्हीएची मागणी केलीय. अजून मंजुरी आलेली नाही, पाठपुरावा चालू आहे. अर्जाची पोच घेऊन फाईलला लावलीय.

बिलाचंही बघा. ई-रिक्षाची बॅटरी पूर्ण भरायला सहा ते आठ युनिट लागतात. रोज सात धरले तर महिन्याला २१० युनिट घरच्या मीटरवर चढले. आपलं घरगुती बिल टप्प्यांचं असतं. शंभर युनिटपर्यंत एक दर, त्यापुढं चढा. रिक्षा धंद्यासाठी असेल तर गटानं एकत्र शेड करून चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शन घेण्याचा विचार करावा. महाराष्ट्रात चार्जिंग स्टेशनसाठी वेगळा वीजदर आहे, आणि असं स्टेशन चालवायला विजेचा परवाना लागत नाही, हे केंद्र सरकारनं २०१८ मध्येच स्पष्ट केलंय. तिथं भार आधीच मोजून मिळतो, शेजारणीच्या घरघंटीवर येत नाही.

दिवसाच्या विजेचं एक सांगायचंय. राज्यात सौर वीज वाढतेय, दिवसा ती भरपूर असते. म्हणून ज्या घरी वेळेप्रमाणे मोजणारं नवं मीटर बसलंय, त्यांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागं सवलत मिळते. मीटर नवं असेल तर बिल नीट वाचा. छपरावर सौर पॅनल बसवायलाही पंतप्रधान सूर्यघर योजनेत अनुदान आहे. एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन आणि त्यापुढं ७८ हजार. पण ध्यानात ठेवा, पॅनल छपरावर आहे आणि गाडी रात्री आठला लावली, तर ती वीज डीपीतूनच येते. बिल कमी होईल, डीपीचा त्रास कमी होणार नाही. उन्हाची वीज उन्हातच वापरली तर दोन्ही साधतं.

आता काय करायचं नाही, ते सांगते. शेतीपंपाच्या कनेक्शनवर गाडी चार्ज करू नका. ती वीज पंपासाठीच्या दरानं दिलेली असते, दुसऱ्या कामाला वापरली तर दुप्पट दरानं वसुली होते. आकडा टाकून तर नाहीच नाही. तो चोरीचा गुन्हा, आणि जिवाचा धोका वेगळा. टीव्हीच्या एक्स्टेन्शन बोर्डवर गाडी लावू नका. मोठा सॉकेट, जाड वायर, स्वतंत्र एमसीबी आणि चांगलं अर्थिंग हवं. अर्थिंग नसेल तर आधी ते करून घ्या, मग गाडी. रिक्षाच्या पाण्याच्या बॅटऱ्या चार्ज होताना पेट घेणारा वायू सुटतो, म्हणून बंद खोलीत, चुलीजवळ किंवा उदबत्तीजवळ लावू नका.

येत्या महिन्याच्या बैठकीत दहा मिनिटं काढा. आपल्या आळीत किती गाड्या, कुणाकडं, रोज किती किलोमीटर चालतात, कधी लावतात, एवढं वहीत लिहा. डीपीवरचा आकडा लांबूनच वाचा. टोकाचं घर कुणाचं ते बघा, आणि त्या बाईला विचारा, “संध्याकाळी तुझा पंखा कसा फिरतो?” लाइट मंद होत असेल तर १९१२ वर तक्रार करा, नंबर लिहून ठेवा, आणि लाइनमनला तिन्ही फेजचा भार मोजायची विनंती करा. कुणी गाडी घ्यायला निघालं असेल, तर कर्जाच्या अर्जाबरोबरच चार्जिंग कुठं आणि कधी करणार, हेही गटात विचारा.

माझ्या जावेची मोटार मी भरून दिली. यंदाच्या उन्हाळ्यात वरच्या आळीची एकही घरघंटी माझ्या दुकानात आली नाही. माझा धंदा तेवढा कमी झाला, असं मालक हसून म्हणतात.

पण परवा आळीत एक मोटारगाडी आलीय, बॅटरीवरची. साध्या घरच्या चार्जरवरसुद्धा ती १४-१५ अँपिअर घेते. म्हणजे चार स्कूटर एकदम. आणि कित्येक तास घेते. घरमालक माणूस चांगला आहे, पण त्याला पाळीचं अजून कुणी सांगितलेलं नाही. तर येत्या गुरुवारी परत मारुतीच्या देवळात बैठक आहे. पाटी आणि खडू घेऊन मी जाणार आहे. त्या घरच्या वहिनींना आधी जाऊन सांगून येईन, म्हणजे त्यांना वाटायला नको, की आपल्याला बोल लावायला बोलावलंय.

बरंय, येते. नमस्कार.